नुकतेच टोचलेले कान आणि कानातले काढण्याची पद्धत



कान टोचण्याचा विषय शाळेच्या पत्रिकेत कशाला, असे काहींना वाटेल. त्याचे कारण मैदानावर घडले. क्रीडादिनाच्या सरावाला सातवीतली एक मुलगी कानात बारीक टॉप्स घालून आली. कान टोचून तीनच आठवडे झाले होते. खेळताना अंगावर दागिना नको हा आपल्या शाळेचा नियम, म्हणून आम्ही तिला "काढून ये" असे सांगितले. ती बिचारी पाण्याच्या टाकीजवळ, आरसा नसताना, फिरकी ओढत बसली. फिरकीभोवती धरलेली खपली फाटली, रक्त आले. एक टॉप्स निघाला, दुसरा निघेना. दुसऱ्या दिवशी मोकळ्या कानात तो परत जाईना. यात चूक तिची नव्हती. नियम सांगताना कान कधी टोचला हे विचारायचे आम्ही विसरलो.

कान टोचणे म्हणजे शेवटी जखमच. भोकाच्या दोन्ही तोंडांकडून कातडी आत वाढत जाते आणि हळूहळू आतून अस्तर तयार होते. पाळीला यासाठी सहा ते आठ आठवडे लागतात. बाहेरून कान बरा दिसू लागतो तेव्हा आतले काम निम्मेच झालेले असते, आणि नेमके तेव्हाच मुली कानातले बदलू पाहतात. कानाच्या वरच्या भागाची गोष्ट आणखी वेगळी. आपल्याकडे बायका तिथे बुगडी घालत, पेशवाईतले पुरुष भिकबाळी घालत. हौस जुनीच आहे, पण तिथे कूर्चा असते आणि कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. त्यामुळे ती भरायला तीन ते सहा महिने, कधी वर्षही लागते.

म्हणून पहिला नियम असा, की पाळीतले पहिले कानातले सहा आठवड्यांच्या आत काढूच नये, रात्री झोपतानाही नाही. सहा आठवड्यांनंतर बदलले तरी पुढचे काही महिने कानात काहीतरी असू द्यावे. नवे भोक मोकळे राहिले तर काही तासांतसुद्धा आकसू शकते.

आता काढायची पद्धत. घाईच्या वेळी, शाळेची रिक्षा दारात उभी असताना हे काम करू नये. आधी हात साबणाने धुवावेत. कपभर उकळून कोमट केलेल्या पाण्यात पाव चमचा मीठ घालून त्यात स्वच्छ गॉज बुडवावा आणि कानाच्या पुढच्या-मागच्या बाजूला चार-पाच मिनिटे धरावा. खपली मऊ होऊन आपोआप सुटते. ती नखाने किंवा काडीने खरवडू नये. मग कान कोरडा करावा, कारण ओल्या बोटांतून फिरकी निसटते. मांडीवर रुमाल पसरावा, नाहीतर सोन्याची फिरकी मोरीत जाते आणि सगळे घर ती शोधत बसते.

एका हाताच्या अंगठा-बोटात पुढचा खडा घट्ट धरावा. दुसऱ्या हाताने फक्त फिरकी हलवावी. दाबाची फिरकी असेल तर ती किंचित उजवी-डावी करत सरळ मागे आणावी. आट्याची असेल तर मागून बघून घड्याळाच्या उलट फिरवावी, ओढू नये. पाळी खेचायची नाही आणि खडा पुढून उपटायचा नाही, एवढे सांभाळले तर दुखत नाही. फिरकी निघाली की दांडी सरळ रेषेत पुढे काढावी.

सोन्याच्या तारेचे मात्र वेगळे. मांडवीकडच्या किंवा गावातल्या सोन्याकडून कान टोचून घेतला असेल तर पुष्कळदा बारीक तारच घालून तिचे टोक पिळून बाळी केलेली असते. ही बाळी तशीच ओढली तर वळलेले टोक भोकातून जाताना आतली नवी कातडी फाडते. टोक आधी पूर्ण सरळ करावे लागते आणि त्याला सोन्याची बारीक पकडच हवी. त्यासाठी परत त्याच्याकडेच जावे. घरातल्या पकडीने हा प्रयोग करू नका.

कान सुजला आणि पू आला तर कानातले काढावे का, हा प्रश्न आजी आणि आई यांच्यात हमखास वाद लावतो. सुश्रुतसंहितेत सूत्रस्थानाच्या सोळाव्या अध्यायात कान टोचण्याचा विधी आहे. सहाव्या-सातव्या महिन्यात, ज्या जागी पाळीतून सूर्यप्रकाश दिसतो तिथे टोचावे, भोकात कापसाची वात घालावी आणि दर तिसऱ्या दिवशी ती थोडी जाड करावी, असे तिथे सांगितले आहे. चुकीच्या टोचण्याने कान ठणकू लागला तर वात लगेच काढावी, लेप लावावा, कान पूर्ण भरू द्यावा आणि मग पुन्हा टोचावे, असेही सांगितले आहे. दागिन्यांच्या ओझ्याने किंवा इतर कारणाने फाटलेली पाळी जोडण्याचे पंधरा प्रकारही त्याच अध्यायात आहेत. म्हणजे ही तक्रार आजची नाही.

आजचे डॉक्टर मात्र पाळीच्या साध्या संसर्गात कानातले घाईने काढू नका असे सांगतात. भोकाची तोंडे बंद झाली तर पू आत कोंडून गळू होऊ शकते. आम्हाला दोन्हींत विरोध दिसत नाही. सुश्रुताची वात काढणारा हात वैद्याचा होता. आज तो निर्णय डॉक्टरांनी घ्यावा, घरी कुणी घेऊ नये. भरलेल्या जागी लगेच पुन्हा टोचू नये, काही महिने थांबावे, हे आजही तसेच आहे.

काही वेळा घरी हातच लावू नये. फिरकी पाळीत रुतून दिसेनाशी झाली असेल तर डॉक्टर जागा बधिर करून ती काढतात. लहान मुलींत हे अनेकदा होते, कारण फिरकी फार घट्ट बसवलेली असते आणि सूज आली की ती आत शिरते. म्हणून टोचतानाच थोडी सैल जागा ठेवायला सांगावे. कानाचा वरचा भाग लाल, गरम आणि फार दुखरा झाला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. कूर्चेतला संसर्ग लांबला तर कानाचा आकार कायमचा बिघडू शकतो. सयाजी रुग्णालयात कान-नाक-घशाचा विभाग आहे.

सतत खाज आणि पाणी येणे ही पुष्कळदा निकेलची अ‍ॅलर्जी असते. नवरात्रात गरब्यासाठी घेतलेल्या खोट्या दागिन्यांत निकेल असू शकते, आणि मोठ्या झुमक्यांचे वजन कोवळ्या पाळीला झेपत नाही. पहिल्या वर्षी झुमके नकोतच.

कडुनिंबाची काडी, हळद आणि खोबरेल तेल यांबद्दल आम्हाला नेहमी विचारतात. काडीचा तुसा आत राहतो, हळदीची पूड जखमेत चिकटते. तेलाने खपली मऊ होते हे खरे, पण त्यावर धूळही बसते. दोन वेळा मिठाचे पाणी पुरते. कानातले रोज गोल फिरवायची पद्धतही आता सांगत नाहीत, कारण त्याने आतली नवी कातडी दर वेळी सोलली जाते.

बाराव्या दिवशी कान टोचण्याची रीत पुष्कळ घरांत आहे. लसीकरणात धनुर्वाताचे संरक्षण देणारे डोस सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला असतात. ते होईपर्यंत थांबता आले तर उत्तम. सुई मात्र दर वेळी नवी, पाकिटातली हवी, हे सोन्याला तोंडावर सांगायला संकोच करू नये.

शाळकरी मुलींसाठी सोयीची वेळ म्हणजे उन्हाळी सुट्टीचा पहिला आठवडा. तरीही सुट्टी पाच आठवड्यांची आणि कान भरायला निदान सहा, म्हणजे जूनमध्ये शाळा उघडताना कान कच्चाच असतो. म्हणून आम्ही नियमात बदल सुचवला आहे. कान टोचल्याची तारीख पालकांनी दैनंदिनीत लिहून द्यावी. त्या तारखेपासून सहा आठवडे त्या मुलीला कानातले काढायला कुणी सांगणार नाही, पण तिला कबड्डी आणि खो-खोही खेळता येणार नाही. वर चिकटपट्टी लावली तरी धडकेत पाळी फाटू शकते. तोवर तिने लेझीम करावी, गुण लिहावेत. वरचा कान टोचला असेल तर मुदत डॉक्टर सांगतील ती.

प्रथमोपचाराच्या पेटीत गॉज आणि सलाइनच्या छोट्या बाटल्या, तसेच मुलींच्या खोलीत एक आरसा, एवढी मागणी विश्वस्त मंडळाकडे दिली आहे. त्या सातवीतल्या मुलीचा कान आता भरला आहे. पुन्हा कधी टोचायचा हे ती आणि तिची आई ठरवतील.