पार्क राहू दे, झोप सांभाळा

“मी कुठं खेळालोय डॉक्टर, ते आपलं आपणच चालालंय की!”

निपाणीत दवाखाना चालवताना हे वाक्य आता वरचेवर कानावर येतं. डोकं जड, डोळ्यांची आग, दिवसभर मरगळ, घरात चिडचिड अशा तक्रारी घेऊन आलेल्या माणसाला मी मोबाईलबद्दल विचारतो. रील्स बघतो, हे लोक कबूल करतात. पत्त्यांचे गेम खेळतो, हेही मान खाली घालून सांगतात. पण मनोरंजन पार्क उभारायचा तो गेम कुणी हिशेबातच धरत नाही. त्यात मारामारी नाही, पैसे लावायचे नाहीत, हरायची भीती नाही. पाळणे फिरतात, माणसं तिकीट काढून आत येतात, गल्ल्यात नाणी जमतात. आपण फक्त अधूनमधून बघायचं. त्यानं तब्येत कशी बिघडेल, असं सगळ्यांना वाटतं.

त्या ‘अधूनमधून’नंच बिघडते. अशा बऱ्याच खेळांत तुम्ही मोबाईल बाजूला ठेवलात की कमाई ठरावीक तासच चालू राहते, मग थांबते. ती परत सुरू करायला गेम उघडावा लागतो. उघडला की जाहिरात बघून कमाई दुप्पट करायची सोय असते, नवा पाळणा अगदी थोड्या नाण्यांसाठी अडलेला असतो. दोन मिनिटांसाठी हातात घेतलेला मोबाईल अर्ध्या तासानं खाली ठेवला जातो. दिवसा हे होतं तेव्हा फक्त वेळ जातो. रात्री होतं तेव्हा झोप मोडते, आणि मोडलेली झोप शरीर माफ करत नाही.

बाजारपेठेत दुकान असलेले एक पन्नाशीचे गृहस्थ माझ्याकडे येतात. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलून सांगतो. त्यांचा रक्तदाब गोळीवर व्यवस्थित होता, तो अचानक चढा राहू लागला. मीठ कमी केलं, गोळी बदलली, फरक नाही. “अंगात ताकदच नाही, एक सलाईन लावा,” हा त्यांचा धोशा. शेवटी त्यांच्या पत्नीच बोलल्या: “रात्री दोनला उठून मोबाईल बघत्यात, परत चारला.” पार्कची नाणी गोळा करायला त्यांनी चक्क गजर लावला होता! झोप लागत नाही म्हणून शेजाऱ्याच्या सांगण्यावरून झोपेच्या गोळ्या सुरू होत्या, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला कसला तरी काढाही.

निरोगी माणसाचा रक्तदाब झोपेत साधारण दहा ते वीस टक्क्यांनी उतरतो. हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना तेवढाच विसावा. प्रौढ माणसाला रात्री किमान सात तास झोप हवी, आणि ती सलग हवी. ती रोज तुटत राहिली की दाब चढतो, इन्सुलिनचं काम मंदावतं, मधुमेह्यांची साखर हलते. त्यावर सलाईन हा इलाज नाही. त्या बाटलीत बहुतेक वेळा मीठ-पाणी किंवा साखर-पाणी असतं आणि ताकदीशी त्याचा काही संबंध नसतो. रक्तदाबाच्या माणसाला विनाकारण सलाईन लावणाऱ्याला मी वैद्य म्हणणार नाही.

झोपेच्या गोळ्यांबद्दल तर हात जोडून सांगतो. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या शेड्यूल एच-१ मध्ये येतात, चिठ्ठीशिवाय त्या विकायच्याच नाहीत असा कायदा आहे. त्यांची सवय लागते. दारूसोबत घेतल्या तर श्वास मंदावतो, आणि रोज घेत असाल तर एकदम बंद करणंही धोक्याचं. आधीच घेत असाल तर घाबरू नका, डॉक्टरांना खरं सांगा. हळूहळू कमी करता येतात.

बायकांमध्ये दुसरीच तक्रार दिसते. आपल्या भागात विड्या वळणाऱ्या कितीतरी बायकांचा अंगठा दिवसभर राबतो, आणि रात्री तोच अंगठा स्क्रीनवर टकटक करत राहतो. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला कळ येते, पातेलं उचलवत नाही. अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीच्या बाजूला वाकवा. तिथं जोराची कळ आली तर तिथल्या स्नायुबंधाभोवतीचं आवरण सुजलेलं असण्याची शक्यता मोठी. स्विस सर्जन डी क्वेर्वेन यांनी 1895 मध्ये वर्णन केलेला हा आजार. विश्रांती, पट्टा आणि गरज पडल्यास औषध यांनी बहुतेकींना आराम पडतो. शीर मोकळी करून देतो म्हणणाऱ्याकडून मनगट ओढून घेऊ नका. वाताच्या पुड्या तर मुळीच नकोत. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं, त्यानं दुखणं दबतं आणि साखर-रक्तदाब वर जातो.

डोळ्यांसाठी निळा प्रकाश अडवणारा महागडा चष्माही घेऊ नका. 2023 मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेनं सतरा चाचण्यांचा आढावा घेतला. डोळ्यांचा ताण कमी होण्यात त्या चष्म्याचा फायदा दिसला नाही. स्क्रीन बघताना आपण पापण्या कमी मिटतो म्हणून डोळे कोरडे पडतात. दर वीस मिनिटांनी लांब बघा, पापण्या मिटा. याला पैसे पडत नाहीत.

मग हे सगळे व्यसनी झाले का? नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं गेमिंगच्या विकाराला आजारांच्या यादीत जागा दिली आहे, ती यादी 1 जानेवारी 2022 पासून लागू झाली. पण खेळणाऱ्यांतल्या थोड्याच जणांना तो विकार होतो. खेळावर ताबा राहत नाही, बाकी सगळ्यांपेक्षा खेळ मोठा होतो, नुकसान दिसूनही थांबता येत नाही, आणि हे साधारण वर्षभर चालतं, तेव्हा डॉक्टर तसं निदान करतात. विरंगुळा म्हणून संध्याकाळी वीस मिनिटं पार्क बघणाऱ्या आजोबांना घरच्यांनी टोचून बोलू नये.

मात्र मोबाईल लपवून खेळणं, गेममधल्या खरेदीसाठी घरच्यांच्या नकळत पैसे भरणं, दुकान किंवा शाळा बुडणं, मोबाईल काढून घेतल्यावर अंगावर धावून येणं, यांतलं काही दिसलं तर थांबू नका. अशा वेळी “आता धारवाडला पाठवणार काय?” असं घाबरून विचारतात. धारवाडची डिमहान्स ही मानसिक आजारांवरच्या उपचाराची संस्था आहे, तिथं जाण्यात लाज कसली? बेंगळुरूच्या निमहान्समध्ये तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी 2014 पासून स्वतंत्र क्लिनिक चालतं. आणि छातीत दुखणं, अचानक तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, बोबडं बोलणं, हे मात्र मोबाईलच्या माथी मारून घरी बसू नका. तडक मोठ्या रुग्णालयात जा. मोठ्यानं घोरून मध्येच श्वास अडकत असेल तर तीही तपासणी करून घ्या. झोप मोडायला प्रत्येक वेळी गेमच कारण असतो असं नाही.

त्या दुकानदारांना मी गेम काढून टाकायला सांगितलं नाही. रात्री मोबाईल दुसऱ्या खोलीत, गजराला साधं घड्याळ, गेमच्या सूचना बंद, एवढंच सांगितलं, आणि झोपेच्या गोळ्या हळूहळू कमी केल्या. “मग पार्क बंद पडंल की!” ते म्हणाले. पडत नाही. सकाळी उघडा, पाळणे जागेवरच असतात. काही नाणी कमी जमतील, इतकंच. काही आठवड्यांत त्यांचा दाब जुन्याच गोळीवर परत आटोक्यात आला.

आज रात्रीपासून तुम्हीही एवढं करून बघा. सात रात्री मोबाईल उशाशी नको. जमलं तर उत्तम. नाहीच जमलं, अस्वस्थ वाटलं, तर 14416 या मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानस सेवेच्या मोफत क्रमांकावर केव्हाही फोन करा किंवा जवळच्या डॉक्टरांकडे या. आलात की रात्री किती वेळा उठता, तेवढं मात्र खरं सांगा.