उड्डाण आणि जमाखर्च

एखाद्या दुकानासमोर सकाळपासून गर्दी दिसली, की आपण सहज म्हणतो, ‘याचा धंदा जोरात चालला आहे.’ पण गर्दी म्हणजे नफा का? समजा, एक वडापाव तयार करण्यास १६ रुपये खर्च येतो आणि तो १५ रुपयांना विकला जातो. १०० वडापाव विकले, तर १०० रुपये तोटा. १,००० विकले, तर १,००० रुपये तोटा! हा तोटा दुकानाच्या दारात दिसत नाही. तो जमाखर्चाच्या वहीतच दिसतो.

मोठ्या उद्योगांचेही असेच असते. युरोपातील आयर्लंड या लहानशा देशात घडलेली ही हकीकत पाहा.

टोनी रायन हे एका रेल्वे इंजिनचालकाचे पुत्र. त्यांच्या कुटुंबाने ‘रायनएअर’ ही विमान कंपनी काढली. १९८५ साली अवघ्या १५ आसनांच्या विमानाने वॉटरफर्ड ते लंडन अशी तिची सेवा सुरू झाली. पुढच्याच वर्षी तिने डब्लिन ते लंडन प्रवास सुरू केला. इतर कंपन्यांचे जाण्यायेण्याचे कमीत कमी भाडे २०९ पौंड होते. रायनएअरने ते ९९ पौंड ठेवले. साहजिकच प्रवाशांची रीघ लागली. १९८६ साली ८२ हजार प्रवासी होते. १९८९ साली त्यांची संख्या सहा लाखांवर गेली.

कंपनी नवे मार्ग आणि नवी विमाने घेत राहिली. वेगवेगळ्या प्रकारची विमाने आली. त्यामुळे सुटे भाग वेगळे, वैमानिकांचे प्रशिक्षण वेगळे. खास वर्गाची आसनेही सुरू झाली, पण ती फारशी चालली नाहीत. प्रवासी वाढत होते आणि तोटाही वाढत होता. १९९० पर्यंत एकूण तोटा २ कोटी पौंडांवर पोहोचला. रायन कुटुंबाला आणखी तेवढीच रक्कम घालावी लागली.

आता मात्र प्रत्येक खर्चाचा हिशेब मागितला जाऊ लागला. करविषयक कामाचा अनुभव असलेले मायकेल ओलिअरी हे तरुण या कामात पुढे होते. तोट्याचे मार्ग बंद झाले, खास वर्ग गेला, विमानांचे प्रकार कमी करण्यात आले. हे सोपे नव्हते. काही कर्मचाऱ्यांना नोकरीही गमवावी लागली. १९९१ साली प्रवासी आधीच्या वर्षापेक्षा कमी झाले आणि त्याच वर्षी कंपनीला पहिला नफा झाला : २ लाख ९३ हजार पौंड! प्रवासी कमी आणि नफा अधिक, हे कोडे आता तुम्हांला उलगडले असेल.

याच टोनी रायन यांची दुसरी कंपनी होती. विमाने विकत घेऊन ती इतर कंपन्यांना भाड्याने देणे, हा तिचा व्यवसाय. १९७५ साली शॅनन येथे सुरू झालेली ‘जीपीए’ जगात नावाजली गेली. भरभराटीच्या काळात तिने कर्जाच्या भरवशावर शेकडो नव्या विमानांची मागणी नोंदवली. पुढे १९९१ च्या आखाती युद्धामुळे विमानप्रवास रोडावला. १९९२ साली कंपनीने भाग विक्रीस काढले, पण पुरेसे गिऱ्हाईक मिळाले नाही. मागवलेल्या विमानांचे पैसे आणायचे कोठून? १९९३ साली एका अमेरिकन कंपनीने तिचा कारभार हाती घेतला.

माणूस तोच, देश तोच, काळही तोच. एका कंपनीने वेळीच हिशेब घातला. दुसरीला तो वेळीच घालता आला नाही.

आपले वाडवडील सांगत आले आहेत, ‘अंथरूण पाहून पाय पसरावे.’ धंदा लहान असताना हे सर्वांनाच पटते. तो वाढू लागला, की त्याचा विसर पडतो. आणि नेमकी तेव्हाच त्याची गरज असते. उद्या तुम्ही किराणा दुकान काढा, दूधडेअरी चालवा किंवा कारखाना उभारा. रोजचा जमाखर्च रोज लिहा. येणे किती आणि देणे किती, ते पाहा. अडचणीच्या दिवसांसाठी शिल्लक ठेवा. मगच पुढचे पाऊल टाका.

स्वाध्याय
१. प्रवासी वाढूनही रायनएअरला तोटा का झाला?
२. ‘जीपीए’ कंपनी कशामुळे अडचणीत आली?
३. तुमच्या परिसरातील एखाद्या दुकानदाराला भेटा. ते रोजचा हिशेब कसा ठेवतात, ते विचारून आठ-दहा ओळी लिहा.