युरोपला न चाललेली द्राक्षं आपल्याला कशी चालतात?

प्रश्न : आम्ही शिरोळ तालुक्यातले. माझे मेहुणे तासगावला द्राक्षं करतात. गेल्या हंगामात त्यांच्या एका प्लॉटचा नमुना ‘फेल’ आला. एका औषधाचा अंश ०.०३ निघाला आणि युरोपची मर्यादा ०.०१ होती. माल मग इथल्याच बाजारात गेला, आमच्या घरीही आला. हा ०.०१ आकडा कोण ठरवतं, कशावरून? आणि युरोपच्या माणसाला जे चालत नाही ते आम्हाला कसं चालतं?

उत्तर : तुमच्या प्रश्नाचा शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे. पण तिथे पोहोचायला आधीच्या दोन भागांतूनच जावं लागेल, कारण या आकड्याबद्दलचा समजच बहुतेकांच्या मनात उलटा बसलेला आहे. ०.०१ ही विषाची सीमारेषा नाही. ०.००९ खाल्लं तर सुखरूप आणि ०.०११ खाल्लं तर आजारी, असं त्या आकड्याचं काही म्हणणंच नाही.

मर्यादा ठरवण्याची सुरुवात शेतात होते. औषध बनवणारी कंपनी वेगवेगळ्या भागांत, वेगवेगळ्या हवामानात त्या पिकावर औषध मारून बघते. मात्रा लेबलावर लिहिलेली जास्तीत जास्त, फवारण्या जास्तीत जास्त, आणि शेवटची फवारणी ते काढणी यांत परवानगी असलेले कमीत कमी दिवस. नियम पाळूनही मालात जास्तीत जास्त किती अंश राहू शकतो, एवढंच इथे शोधायचं असतं. युरोपात मुख्य पिकासाठी साधारण आठ आणि दुय्यम पिकासाठी चार चाचण्या मागतात. समजा, आठ शेतांतून किलोला ०.१२ ते ०.६ मिलिग्रॅम असे आकडे आले. ते एका ठरलेल्या गणिती सूत्रात घालतात, सगळ्यात मोठ्या आकड्याच्या वर थोडी जागा सोडतात आणि मर्यादा १ वर बसवतात. म्हणजे ही मर्यादा शेतकऱ्याच्या शिस्तीची मोजपट्टी आहे. तिच्या वर आकडा गेला, तर कुणीतरी मात्रा वाढवली किंवा फवारणीनंतर थांबायचे दिवस पाळले नाहीत, असा त्याचा पहिला अर्थ.

आरोग्याची तपासणी यानंतर येते, आणि ती वेगळी माणसं करतात. उंदीर, कुत्रा अशा प्राण्यांना औषध रोज खाऊ घालून, कोणताही दुष्परिणाम न दिसणारा सर्वांत मोठा डोस शोधतात. त्याला साधारणपणे १०० ने भागतात : प्राणी आणि माणूस यांतल्या फरकासाठी १० ने, माणसामाणसांतल्या फरकासाठी पुन्हा १० ने. उरतं ते माणसाने आयुष्यभर रोज घेतलं तरी चालेल असं प्रमाण, शरीराच्या दर किलो वजनामागे. मग लोकांच्या ताटाचा हिशेब मांडतात. कोणत्या देशात कोण किती द्राक्षं, किती भात, किती टोमॅटो खातो, लहान मूल एका बैठकीत किती खातं, हे सगळं मिळवून बघतात. ताटातली बेरीज त्या प्रमाणात बसली तरच शेतातला आकडा मर्यादा म्हणून मान्य होतो.

जगाच्या पातळीवर हे काम १९६३ साली सुरू झालेला कोडेक्स आयोग करतो. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञांची समिती त्याला सल्ला देते. युरोपात हिशेब तपासायचं काम इटलीतल्या पार्मा इथल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडे आहे. आपल्याकडे औषधाची नोंदणी १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली होते आणि अन्नातली मर्यादा अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरण ठरवतं.

मग ०.०१ कुठून आला? ज्या औषध-पीक जोडीसाठी कुणी चाचण्यांची माहिती घेऊन अर्जच केलेला नाही, किंवा ज्या औषधाची परवानगी काढून घेतली आहे, तिथे युरोपचा २००५ चा कायदा सरसकट किलोला ०.०१ मिलिग्रॅम लावतो. ही व्यवस्था सप्टेंबर २००८ पासून पूर्णपणे लागू आहे. जपानने २००६ पासून हाच आकडा धरला. यंत्र जेवढं खात्रीने मोजू शकतं, साधारण तेवढा हा आकडा. १०० टन द्राक्षांत मिळून एक ग्रॅम! त्यामुळे फेल अहवालात ०.०१ दिसला की बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच असतो, की या पिकावर या औषधाचा हिशेब तिथे कुणी मान्य करून घेतलेला नाही.

२०१० चा हंगाम तुमच्या मेहुण्यांच्या चांगला लक्षात असेल. बागायतदार ज्याला सीसीसी म्हणतात त्या क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश आपल्या द्राक्षांत सापडले आणि नेदरलँड्स, जर्मनीत माल अडकला. खरं तर सीसीसी मारतात एप्रिलच्या खरड छाटणीनंतर. वेलीची नुसती शेंडावाढ थांबावी आणि काडीत घड तयार व्हावेत, एवढ्यासाठीच. फळ येतं ऑक्टोबरच्या छाटणीनंतर. फवारणीच्या वेळी जो घड वेलीवर नव्हताच, त्यात औषध आलं कसं? ते खोडात, ओलांड्यांत साठून राहिलं आणि पुढच्या फळात उतरलं. आपल्या प्रयोगशाळांच्या तपासणीच्या यादीत तेव्हा सीसीसी नव्हतं, म्हणून इथे पास झालेला माल तिथे फेल झाला. द्राक्षासाठी युरोपची मर्यादा त्या वेळी ०.०५ होती. त्याच युरोपात गहू लोळू नये म्हणून शेतकरी गव्हावर हेच सीसीसी मारतात, आणि गव्हाची मर्यादा किलोला काही मिलिग्रॅम आहे, म्हणजे द्राक्षाच्या कित्येक पटींनी जास्त.

हे वाचून तुम्हाला राग येईल, आणि तेव्हा बागायतदारांनाही आला होता. ज्याचा वर्षाचा पैसा बंदरात कुजला त्याचा राग मी चुकीचा म्हणणार नाही. पण गव्हासाठी कुणीतरी चाचण्या केल्या, ताटाचा हिशेब मांडला आणि तो तपासून घेतला होता. द्राक्षासाठी ते कुणी केलं नव्हतं. बाहेरच्या देशालाही युरोपकडे आयात मालासाठी वेगळी मर्यादा मागता येते, मात्र पुरावा द्यावा लागतो. पुरावा तयार करायला पैसा आणि दोन-तीन हंगाम लागतात. द्राक्षाला मोठी निर्यात आहे म्हणून कुणीतरी तो खर्च करेल. शेवगा, कढीपत्ता, तोंडली यांच्यासाठी कोणती कंपनी करणार? हे काम कृषी विद्यापीठांकडे सरकारी पैशाने सोपवायला हवं, असं माझं ठाम मत आहे. नाहीतर छोट्या पिकांचा शेतकरी दरवर्षी एका रिकाम्या रकान्यापायी मार खात राहील.

मर्यादा कायम एका जागी राहते असंही नाही. भातावरच्या करप्यासाठी आजरा-चंदगडकडे ट्रायसायक्लाझोल ओळखीचं आहे. तांदळात त्याची युरोपीय मर्यादा १ होती. माहिती अपुरी आहे म्हणून २०१७ मध्ये ती ०.०१ वर आणायचं ठरलं आणि उत्तरेतले बासमतीवाले अडचणीत आले. शिवाय कायद्याच्या वर व्यापाऱ्यांचा आणखी एक आकडा असतो. युरोपातल्या काही सुपरमार्केट साखळ्या मालात कायदेशीर मर्यादेच्या एक तृतीयांशच अंश चालेल म्हणतात, आणि एकूण किती औषधांचे अंश असावेत तेही ठरवतात. ती त्यांची खरेदीची अट आहे, आरोग्याच्या हिशेबाचा तिच्याशी संबंध नाही.

आता तुमच्या घरात आलेल्या द्राक्षांकडे येऊ. अहवालात आकड्याआधी औषधाचं नाव बघा. १५ किलो वजनाच्या मुलाने ०.०३ अंश असलेली ३०० ग्रॅम द्राक्षं खाल्ली, तर दर किलो वजनामागे ०.०००६ मिलिग्रॅम औषध त्याच्या पोटात जातं. केवडा-भुरीवरचं ॲझॉक्सिस्ट्रॉबिन असेल, तर त्याचं रोज चालणारं प्रमाण ०.२ आहे, म्हणजे तीनशे पटींहून जास्त. काळजीचं काही नाही. पण तेच मोनोक्रोटोफॉस असेल, तर त्याचं प्रमाणच ०.०००६ आहे. ते मूल एका वाडग्यात दिवसाची पूर्ण सीमा गाठतं, भाजी-भाकरीतून काय जाईल ते वेगळंच. दोन्ही अहवालांत आकडा एकच, ०.०३.

दुसरं, त्या औषधाला भारतात द्राक्षावर ‘लेबल क्लेम’, म्हणजे त्या पिकावर वापरायची नोंदणीतली मान्यता, आहे का ते विचारा. असेल, तर आपली मर्यादा बहुधा ०.०१ हून मोठी असेल आणि युरोपात फेल झालेला माल इथे नियमात बसलेला असेल. ही फसवणूक नाही. इथे त्या औषधाचा हिशेब झाला आहे, तिथे नाही, एवढंच. पण लेबल क्लेम नसेल आणि भारताने वेगळी मर्यादा दिली नसेल, तर आपल्याकडेही ०.०१ च लागू होतो. मग जो माल रॉटरडॅमला चालला नाही तो लक्ष्मीपुरीच्या बाजारातही चालायला नको होता. तो विकला गेला, कारण निर्यातीच्या प्रत्येक नोंदणीकृत प्लॉटचा नमुना प्रयोगशाळेचा माणूस स्वतः येऊन घेतो, पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची त्या साऱ्यावर नजर असते, आणि देशातल्या बाजारात जाणाऱ्या मालाची अशी प्लॉटवार तपासणी होत नाही. तुमचा सल इथला आहे, आणि तो योग्य आहे. युरोपचा आकडा कडक आहे याचं दुःख करण्यापेक्षा आपला आकडा आपल्याच मंडईत तपासला जात नाही, याचा जाब विचारायला हवा.

बेदाण्याबाबत मात्र सावध राहा. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. पाणी उडतं, औषधाचा अंश तेवढा उडेलच असं नाही. म्हणून वाळवलेल्या मालाचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. आणि धुण्याने वरवरचा अंश कमी होतो, पेशींत शिरलेलं औषध जात नाही.

संशय असलेला माल सरकारी अन्न विश्लेषकाकडून तपासून घ्यायचा हक्क साध्या ग्राहकालाही आहे. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या ४० व्या कलमात तो लिहिलेला आहे. विकत घेताना विक्रेत्याला तसं सांगायचं, शुल्क भरायचं, आणि माल नियमबाह्य निघाला तर ते शुल्क परत मिळतं.