फिरते पाते थांबते कसे?

मोठी क्रीडांगणे, गोल्फची मैदाने व सार्वजनिक उद्याने यांतील हिरवळ कापण्यासाठी चालकाने वर बसून चालवावयाची यंत्रे वापरली जातात. यंत्राच्या तळाशी पोलादी पाती आडवी फिरत असतात. अर्धा मीटर लांबीचे पाते मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर त्याचे टोक सेकंदाला सुमारे ७८ मीटर वेगाने धावते. पिठाच्या गिरणीचा पट्टा उतरविला तरी तिचा दगड काही वेळ फिरतच राहतो. तद्वतच कळ बंद केल्यावरही पाते फिरत राहते. अडकलेले गवत काढण्यासाठी घाईने घातलेला हात नेमका याच अवधीत जायबंदी होतो. यंत्र बंद करणे आणि पाते थांबविणे या दोन भिन्न क्रिया होत.

तेलाचा ब्रेक

ज्या यंत्रांत पाती हायड्रॉलिक मोटरवर चालतात, तेथे इंजिनाला जोडलेला पंप तेल दाबाने मोटरमध्ये पाठवितो. मोटरला फिरवून ते तेल टाकीत परतते. कळ बंद करताच एक झडप पंपाचे तेल परस्पर टाकीकडे वळविते. परंतु पाते अद्याप फिरत असल्याने आता तेच मोटरला फिरवू लागते. मोटर जणू पंप बनते व तेल बाहेर ढकलते. त्याच वेळी तेलाची परतीची मोकळी वाट बंद होते आणि ठरावीक दाबावरच उघडणाऱ्या दुसऱ्या झडपेतून त्याला जावे लागते. पिचकारीचे तोंड बोटाने अर्धवट दाबले असता दट्ट्या जड जातो, तसाच हा विरोध होय. पात्याची गतिज ऊर्जा तेल तापविण्यात खर्ची पडते व पाते काही सेकंदांत थांबते.

वाट पूर्णपणे बंद केल्यास दाब एकाएकी चढून नळ्या व सील फुटण्याचा धोका असतो. म्हणून झडपेचा दाब उत्पादकाने ठरविलेला असतो. तो मनाने बदलू नये.

घ्यावयाची दक्षता

झडपेत कचरा अडकल्यास किंवा मोटर झिजल्यास ब्रेक मंदावतो. यास्तव पाते थांबण्यास लागणारा वेळ दुरून, घड्याळ लावून मोजावा व माहितीपुस्तिकेशी ताडून पाहावा. पायी चालत ढकलावयाच्या घरगुती यंत्रांचे पाते मूठ सोडल्यापासून ३ सेकंदांत थांबलेच पाहिजे, असा नियम अमेरिकेत १९८२ पासून लागू आहे. यावरून एकेका सेकंदाचे मोल कळून येईल.

नळीतील गळती बोटाने चाचपू नये. पुठ्ठा धरून पाहावी. बारीक छिद्रातून दाबाने सुटलेले तेल कातडीत शिरते. जखम क्षुल्लक दिसली तरी तत्काळ रुग्णालयात जावे.

हा ब्रेक पाते थांबवितो, धरून ठेवीत नाही. म्हणून यंत्राखाली हात घालण्यापूर्वी इंजिन बंद करावे, किल्ली काढावी, पाते थांबल्याचे डोळ्यांनी पाहावे व लाकडी ठोकळा लावून ते अडवावे.