हिरडा, शेपू आणि डांबर : झाकलेल्या बाटल्यांनी शिकवलेलं

मी कळवणची. घरी द्राक्षबाग आणि उन्हाळ कांदा. गेली अकरा वर्षं मी दिंडोरी तालुक्यातल्या एका वायनरीच्या प्रयोगशाळेत काम करते. २००१ मध्ये राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं आणि नाशिकच्या आसपास वायनऱ्या उभ्या राहत गेल्या. शिराझ, कॅबर्ने ही नावं आमच्याकडे सोनाका, थॉमसनच्या शेजारी येऊन बसली. पण ही वाणं ज्या गावांतून आली, तिथल्या वाइनची चव कशी असते, हे मला बरीच वर्षं फक्त पुस्तकातून माहीत होतं.

मग आम्ही सात-आठ जणांनी वर्गणी काढायला सुरुवात केली. परदेशी वाइनवर वर्षानुवर्षं १५० टक्के आयात शुल्क, त्यामुळे एकट्याच्या खिशाला ते परवडणारं नव्हतं. महिन्यातून एकदा नाशिकला जमायचं, सहा बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळायच्या, वर फक्त आकडे टाकायचे आणि कोणती कुठली ते चाखून सांगायचं. त्या शनिवारांनी मला जे शिकवलं ते इथे क्रमानं मांडते.

१. आधी चव लिहा, नाव शेवटी

दुसऱ्याच बैठकीत तीन नंबरच्या ग्लासातली वाइन इतकी फिकी होती की ग्लासाखाली धरलेल्या कागदावरची अक्षरं वाचता येत होती. फिका लाल रंग म्हणजे पिनो न्वार, म्हणजे बर्गंडी, असं मी एका झटक्यात लिहून टाकलं. नंतर घोट घेतला. हिरड्या आक्रसल्या, ओठ दातांना चिकटले. पिनो न्वारची साल पातळ, तिची वाइन सहसा मऊ. जीभ स्पष्ट सांगत होती की ही ती नव्हे. पण कागदावर नाव उतरलं होतं आणि मी त्या नावाला शोभतील अशा चवी शोधत बसले. कागद सोडला तेव्हा आत बारोलो निघाली.

बारोलो इटलीतल्या पिएमाँत भागातली, नेब्बिओलो द्राक्षाची. रंगानं फिकी, पण तुरटपणा आणि आंबटपणा दोन्ही भरपूर. कायद्यानंच तिला ३८ महिने मुरवावं लागतं, त्यातले १८ लाकडात. रंग आणि तुरटपणा यांची अशी फारकत युरोपातल्या नामांकित वाइनमध्ये क्वचितच दिसते. म्हणून ती ओळखायला खरं तर सोपी आहे, पण नाव लिहायची घाई केली नाही तरच. त्या दिवसापासून माझ्या वहीत नावाचा रकाना सगळ्यात शेवटी असतो.

२. रंगाला साक्षीदार माना, न्यायाधीश नको

बोर्दो विद्यापीठातला एक प्रयोग २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढऱ्या वाइनमध्ये वास नसलेला लाल रंग मिसळून दिला. त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. ही रोज वाइन हाताळणारी मुलं होती. डोळ्यांनी एकदा ठरवलं की नाकही मागोमाग जातं, हे मी बारोलोच्या वेळी स्वतःवर अनुभवलं होतंच.

मात्र रंगाकडे पाहूच नये असं नाही. ग्लास तिरपा करून कडेला पाहिलं की वय कळतं. तरुण लाल वाइनची कड जांभळट असते, मुरलेलीची विटकरी होत जाते. एवढी साक्ष घ्यायची आणि पुढे जायचं.

३. तुरटपणा कुठे पकडतो ते पाहा

टॅनिन म्हणजे काय हे मी प्रयोगशाळेच्या आधी बागेत शिकले होते, फक्त त्याला ते नाव नव्हतं. वडील तोडणीआधी बागेतून फिरत. रिफ्रॅक्टोमीटरवर गोडी बघून झाली तरी ते समाधान मानत नसत. मणी तोंडात घालून गर गिळायचे, मग साल वेगळी चावायचे, शेवटी बियांच्या वाणाची बी दाढेखाली फोडायचे. बी तपकिरी होऊन कडकन फुटली की झाड तयार. हिरवी आणि चिवट असली तर अजून थांबा.

वाइन चाखताना मी तेच करते, फक्त घोटावर. तुरटपणा खरं तर चव नाही, तो स्पर्श आहे. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरतं आणि तोंड कोरडं पडतं. मराठीत त्याच्या छटा किती आहेत! कोऱ्या चहाचा तुरटपणा वेगळा, अर्धकच्च्या जांभळाचा वेगळा, बाळघुटीत उगाळलेल्या हिरड्याचा आणखी वेगळा. माझ्या वहीत त्या अशा उतरल्या आहेत: पिनो न्वार म्हणजे पातळ कोरा चहा. बोर्दोच्या डाव्या काठाची, म्हणजे मेदोकची कॅबर्ने म्हणजे सगळ्या जिभेवर सारखं पसरणारं, घट्ट विणीचं जांभूळ. नेब्बिओलो म्हणजे हिरडा, पुढच्या हिरड्यांना धरतो आणि लवकर सोडत नाही. बोर्दोच्याच उजव्या काठावर, सँ-तेमिलियाँ आणि पोमेरोलला, मर्लोचं प्रमाण जास्त. तिथे तीच वीण मऊ पडते.

४. आंबटपणा लाळेनं मोजा

घोट थुंकल्यावर मान किंचित खाली करायची आणि थांबायचं. जिभेच्या दोन्ही कडांना लाळ किती लवकर सुटते आणि किती वेळ सुटत राहते, तेवढा आंबटपणा. गोडी, अल्कोहोल, लाकूड यांनी जीभ फसते, लाळ सहसा फसत नाही.

आमच्याकडे वाइनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्च, दिवसेंदिवस ऊन चढत असताना. उष्णतेत द्राक्षातलं मॅलिक आम्ल झपाट्यानं उतरतं. युरोपात तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरला, थंडी येत असताना, म्हणून तिथे आम्ल टिकतं. नाशिकच्या वाइनवर वाढलेल्या माझ्या जिभेला सुरुवातीला युरोपातली प्रत्येक वाइन आंबटच लागायची. सहा महिन्यांनी त्या आंबटपणात फरक दिसू लागले. इटलीतल्याच कियांती क्लासिको वाइनमध्ये किमान ८० टक्के सँजोव्हेज द्राक्षं लागतात. तिला पाडाला न आलेल्या करवंदाचा करकरीत आंबटपणा आणि मागे टोमॅटोच्या पानासारखा हिरवट वास. स्पेनमधल्या रिओहाच्या टेंप्रानिलोत आंबटपणा मध्यम, बिनकाट्याचा. दोन्ही लालसर, दोन्ही लाकडात मुरलेल्या. मला त्यांची गल्लत होणं थांबलं ते लाळेकडे लक्ष द्यायला लागल्यावर.

५. वासांची नावं आपल्या घरातून घ्या

पुस्तकात लिहिलेलं असतं ब्लॅककरंट, सीडार, व्हायोलेट. मी ब्लॅककरंट कधी खाल्लं नव्हतं आणि व्हायोलेटचं फूल पाहिलं नव्हतं. दोन वर्षं मी ते शब्द पाठ करून लिहीत होते आणि दोन वर्षं माझी प्रगती थांबली होती. न हुंगलेल्या वस्तूची आठवण नाकाला कुठून येणार?

मग मी वहीत दोन रकाने पाडले. डावीकडे पुस्तकातला शब्द, उजवीकडे माझा. सीडारसमोर लिहिलं: शार्पनरमधून पडलेली पेन्सिलची सालपटं. पेन्सिली पूर्वापार त्याच जातीच्या लाकडाच्या बनत आल्या आहेत, त्यामुळे मेदोकच्या बोर्दोत तो वास मला आता लांबूनही येतो. कॅबर्नेच्या हिरवट वासासमोर लिहिलं: नुकतीच चिरलेली ढोबळी मिरची. हे नुसतं साम्य नाही, दोन्हींत पायराझिन कुळातलं एकच द्रव्य आहे.

रिओहा मला आमच्या आठवडे बाजारात सापडली. जुन्या पद्धतीची रिओहा अमेरिकन ओकच्या पिंपात मुरते, ग्रान रिझर्व्हा असेल तर एकूण किमान ५ वर्षं, त्यातली २ लाकडात. त्या ओकमधून नारळाचा आणि पुस्तकांच्या भाषेत डिलचा वास येतो. डिल म्हणजे काय ते शोधलं तर शेपू! बाजारातून शेपूची जुडी आणली, खोबऱ्याची वाटी किसून मंद आचेवर भाजली, दोन्ही शेजारी ठेवून हुंगले. पुढच्या शनिवारी रिओहाचा ग्लास नाकाशी नेला आणि स्वयंपाकघर समोर उभं राहिलं. ती वाइन मला त्यानंतर क्वचितच चुकली आहे.

बारोलोबद्दल जगभर सांगतात, गुलाब आणि डांबर. ही जोडी मला तर लहानपणापासून ओळखीची. चैत्रात सप्तशृंगी गडाची यात्रा भरते. उन्हानं नांदुरीच्या रस्त्याचं डांबर मऊ पडलेलं असतं आणि कडेला हारवाल्यांच्या टोपल्यांत गुलाब. बारोलोच्या ग्लासात मला आता तो रस्ता येतो.

६. सगळ्यांची नाकं सारखी नसतात

फ्रान्सच्या उत्तर ऱ्होन खोऱ्यात, कोत-रोती, एर्मिताज, कोर्नास इथे सिरा पिकते. आपली शिराझ ती हीच, नाव तेवढं वेगळं. थंड जागेतल्या सिराला ताज्या कुटलेल्या काळ्या मिऱ्याचा वास येतो. आमच्यातल्या एका सहकाऱ्याला तो कधीच येत नसे. तो बिचारा स्वतःला कमी लेखू लागला होता. मग वाचनात आलं: मिऱ्याचा हा वास रोटुंडोन नावाच्या द्रव्याचा, ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये वाइनमधला त्याचा वाटा दाखवून दिला, आणि साधारण पाचातल्या एका माणसाला तो वास येतच नाही. यात त्याच्या मेहनतीचा दोष नव्हता.

आता तो सिरा दुसऱ्या वाटेनं ओळखतो: गडद रंग, काळ्या फळांचा गर, मागून येणारा धुराचा वास, आणि बोर्दोपेक्षा कमी घट्ट तुरटपणा. आपलं नाक कुठे आंधळं आहे हे ज्यानं त्यानं शोधून ठेवावं. माझंही एक आहे: मला जुन्या वाइनमधला मशरूमचा वास फार उशिरा लागतो. तिथे मी शेजाऱ्याचं ऐकते, पण माझं लिहून झाल्यावरच.

७. दोष ओळखता आला नाही तर गुणही कळत नाही

एकदा एका महागड्या बाटलीतल्या वाइनला ओलसर, कोंदट वास होता, फळ जवळपास नव्हतंच. मी लिहिलं: मुरलेली, मातकट, जुनी बोर्दो असावी. बाकीच्यांनीही माना डोलावल्या. ग्लास पुन्हा हुंगला तेव्हा मला आमची कांद्याची चाळ आठवली. अवकाळी पावसात भिजून तशाच राहिलेल्या गोणपाटाचा वास. तो मातीचा वास नव्हता, बुरशीचा होता. बुचाचा दोष. टीसीए नावाचं द्रव्य लिटरमागे काही नॅनोग्रॅम असलं तरी फळाचा वास दाबून टाकतं.

तेव्हापासून मी दोषांचे वासही वहीत ठेवते. भिजलेलं गोणपाट म्हणजे खराब बूच. बैलांच्या गोठ्याचा वास म्हणजे ब्रेटानोमायसिस नावाचं यीस्ट, किंचित असलं तर काही जुन्या फ्रेंच घराण्यांत ते खपवून घेतात, जास्त असेल तर वाइन बिघडलेली. महाग बाटलीपुढे मान झुकते, म्हणूनच तिला वर्तमानपत्रात गुंडाळायचं.

८. कारणासकट लिहा, आणि थुंका

मास्टर ऑफ वाइन परीक्षेत प्रत्येकी १२ वाइन झाकून ठेवलेले तीन पेपर असतात. मुंबईच्या सोनल हॉलंड २०१६ मध्ये ती पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय ठरल्या. त्या परीक्षेत नुसतं नाव बरोबर येऊन भागत नाही, ग्लासातल्या पुराव्यावरून तिथवर कसे पोहोचलात तेही मांडावं लागतं. आम्ही आमच्या बैठकीत तोच नियम ठेवला. 'कियांती' एवढंच लिहिलेलं चालत नाही. 'आंबट जास्त म्हणून रिओहा नाही, ढोबळी मिरची नाही म्हणून कॅबर्ने नाही, रंग मध्यम आणि करवंद, म्हणून कियांती' असं लिहावं लागतं. उत्तर चुकलं तरी नेमकी कुठली पायरी निसटली ते कळतं आणि पुढच्या महिन्यात तीच पायरी पक्की करता येते.

एका बैठकीला सहा वाइन पुरे. प्रत्येकीचे दोन घोट, दोन्ही थुंकायचे. गिळलं की चौथ्या ग्लासापासून जीभ सगळ्यांना चांगलं म्हणू लागते.

९. सराव घरच्या बाटलीवर करा

सहा परदेशी बाटल्या दर महिन्याला कुणालाच झेपत नाहीत. तशी गरजही नाही. अकलूजच्या फ्रातेल्लीची सँजोव्हेज, दिंडोरी तालुक्यातल्या चारोसाची टेंप्रानिलो, सुलाची दिंडोरी रिझर्व्ह शिराझ, अशी युरोपातली वाणं आपल्याच मातीत उतरली आहेत. त्यातली एक आणि तिच्या मूळ गावची एक, अशा दोनच बाटल्या घ्या. वाण एक, ऊन वेगळं. फरक काय तेवढंच लिहा. मला सिरा समजली ती एर्मिताजची वर्णनं वाचून नव्हे, आमच्या शिराझशेजारी तिचा ग्लास ठेवून.

वडिलांनी आयुष्यात वाइन घेतली नाही. गेल्या हंगामात मी वायनरीतून कॅबर्नेचे चार घड घरी नेले. त्यांनी एक मणी तोंडात टाकला, गर गिळला, साल बराच वेळ चावली. मग बी फोडली आणि म्हणाले, "साल अजून हिरडा आहे गं. आठ दिवस थांबा." मी वही काढून तारखेखाली तो शब्द तसाच उतरवून घेतला.