पंथ बदलला, पण अधिकार कोणाच्या हाती?



धर्म न सोडता माणूस पंथ बदलतो तेव्हा नेमके काय बदलते? ख्रिस्ती समाजातील प्रॉटेस्टंट लोकांत अनेक पंथ आहेत. देव एक, बायबल एक. तरीही माणसे एका पंथातून दुसऱ्या पंथात जातात. का जातात आणि गेल्यावर त्यांना काय मिळते, हे समजण्यासाठी अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरातील दोन माणसांचे उदाहरण आपण नीट अभ्यासले पाहिजे.

दोघे सहकारी

ॲब्सलम जोन्स (जन्म १७४६) आणि रिचर्ड ॲलन (जन्म १७६०) हे दोघेही जन्माने गुलाम. जोन्स ह्यांनी मेहनतीच्या पैशातून आधी पत्नीची मुक्तता विकत घेतली. कारण आई गुलाम तर मूल गुलाम, असा तेथला कायदा होता. स्वतःची मुक्तता त्यांना १७८४ मध्ये मिळाली. ॲलन ह्यांच्या मालकाने एका मेथडिस्ट प्रचारकाचे प्रवचन ऐकले आणि गुलाम बाळगणे पाप आहे हे त्याला पटले. त्याने ॲलनना स्वतःची किंमत भरून मुक्त होण्याची सवलत दिली. ह्या दोघांनी १७८७ मध्ये आजारी माणसे, विधवा व पोरकी मुले ह्यांच्या मदतीसाठी 'फ्री आफ्रिकन सोसायटी' स्थापन केली.

प्रार्थनेतून उठवले

दोघेही सेंट जॉर्ज ह्या मेथडिस्ट चर्चमध्ये जात. चर्चचा सज्जा व नवी जमीन करण्यासाठी काळ्या सभासदांनीही पैसा दिला होता. पण त्याच चर्चमध्ये एके रविवारी, ते गुडघे टेकून प्रार्थना करीत असताना, एका गोऱ्या विश्वस्ताने जोन्स ह्यांना धरून ओढले व जागा सोडण्यास सांगितले. प्रार्थना संपेपर्यंत थांबा, एवढीच त्यांची विनंती होती. तीही मानली गेली नाही. प्रार्थना संपताच सर्व काळे लोक एकजुटीने बाहेर पडले. सुरुवातीच्या मेथडिस्ट प्रचारकांनी गुलामगिरीचा निषेध केला होता, हे येथे ध्यानात घ्या. तत्त्व चांगले होते. बसण्याच्या जागेपाशी आल्यावर ते अडले.

दोन वाटा

स्वतःचे प्रार्थनामंदिर बांधायचे ठरले. पण ते कोणत्या पंथाचे असावे? मत घेतले तेव्हा बहुसंख्य लोक इंग्लंडच्या चर्चमधून निघालेल्या एपिस्कोपल पंथाच्या बाजूने होते. मेथडिस्ट पंथाच्या बाजूने दोनच मते पडली. ती जोन्स व ॲलन ह्यांची! लोकांनी ॲलनना पाळक होण्यास सांगितले. साधे, अशिक्षितालाही समजणारे मेथडिस्ट प्रवचन आपल्या लोकांच्या हिताचे आहे, असे त्यांचे मत होते. त्यांनी नकार दिला. जोन्स ह्यांनी लोकांचा कौल मानला आणि पंथ बदलला.

१७९४ मध्ये जोन्स ह्यांचे सेंट थॉमस चर्च एपिस्कोपल पंथात सामील झाले. मंडळीचा कारभार मंडळीच पाहील, ही अट त्यांनी मान्य करून घेतली. जोन्स १७९५ मध्ये डीकन झाले व पुढे त्या पंथाचे अमेरिकेतील पहिले काळे धर्मगुरू ठरले. ग्रीक व लॅटिन भाषा येण्याची अट त्यांच्यासाठी शिथिल केली गेली; पण मोबदला मोठा होता. सेंट थॉमसने पंथाच्या प्रांतिक अधिवेशनात प्रतिनिधी पाठवायचा नाही! घरात सत्ता मिळाली, पंचायतीत जागा मिळाली नाही.

ॲलन मेथडिस्टच राहिले. १७९४ मध्येच त्यांनी स्वतःच्या जमिनीवर लोहाराच्या दुकानाची जुनी इमारत ओढून आणवली व बेथेल चर्च सुरू केले. पण १७९६ च्या घटनापत्रामुळे मालमत्तेवर गोऱ्या मेथडिस्टांच्या परिषदेचा हक्क पोहोचला. इमारतीची किल्ली आणि व्यासपीठ ह्यांसाठी पुढे वीस वर्षे झगडावे लागले. अखेर १८१६ च्या आरंभी पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने बेथेलच्या बाजूने निर्णय दिला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अनेक काळ्या मंडळ्या एकत्र आल्या, 'आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च' स्थापन झाले आणि ॲलन त्याचे पहिले बिशप झाले.

ह्यातून काय घ्यावे?

जोन्स ह्यांनी पंथ बदलला. तेथेही अपमानाची एक अट त्यांच्यामागे आली. ॲलन पंथाच्या शिकवणीला धरून राहिले, पण त्यांनी संस्थाच स्वतंत्र केली. म्हणून नुसते नाव बदलले एवढ्याने समाधान मानू नये. जमीन कोणाच्या नावावर आहे, किल्ली कोणाकडे आहे आणि सभेत मत कोणाला आहे, हे तीन प्रश्न प्रत्येक पंथाला विचारले पाहिजेत. शिकवण कितीही उदात्त असो, ह्या तीन प्रश्नांची उत्तरे दुसऱ्याच्या हाती असतील तर माणूस तेथे पाहुणाच राहतो.

दुसरी गोष्टही तेवढीच मोलाची. पंथ वेगळे झाले म्हणून हे दोघे वैरी झाले नाहीत. १७९३ च्या पीतज्वराच्या साथीत दोघांनी मिळून रुग्णसेवा उभी केली आणि काळ्यांवर झालेल्या खोट्या आरोपांना १७९४ मध्ये एकत्र पुस्तिका लिहून उत्तर दिले. मुक्त काळ्यांना आफ्रिकेत पाठवण्याची योजना निघाली तेव्हा, जानेवारी १८१७ मध्ये, बेथेल चर्चमध्येच सुमारे तीन हजार लोकांनी विरोध नोंदवला. त्या सभेत एपिस्कोपल जोन्स व मेथडिस्ट ॲलन दोघेही होते. आपल्या वस्तीत कोणी वेगळ्या मार्गाने गेला की आपण त्याच्याशी बोलणे टाकतो. अशा वेळी ही सभा आठवावी.

घरी चर्चेसाठी प्रश्न

१. जोन्स ह्यांनी प्रतिनिधित्वाची अट स्वीकारली, हे योग्य होते काय?
२. ॲलन ह्यांनी अपमान करणाऱ्या पंथाची शिकवण का सोडली नाही?
३. आपल्या वस्तीतील विहार किंवा समाजमंदिर कोणाच्या नावावर आहे? त्याचा हिशेब कोण पाहतो? घरातील स्त्रियांना त्या सभेत मत आहे काय?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर अंदाजाने देऊ नका. कागद पाहून द्या.