स्वमग्न बालकाचे पालक व शाळेचे कर्तव्य

स्वमग्नता हा मेंदूच्या विकासातील वेगळेपणा आहे. स्वमग्न बालकास इतरांशी संवाद साधणे, खाणाखुणा ओळखणे व अकस्मात बदल सोसणे कठीण जाते; कित्येकांना मोठा आवाज अथवा दाटी असह्य होते. कोणी सहाव्या वर्षीही बोलत नाही, तर कोणी न अडखळता वाचतो, परंतु विचारलेल्या प्रश्नास उत्तर देत नाही. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अशा अकरा बालकांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यानंतर बरीच वर्षे मातेच्या कोरडेपणास दोष दिला गेला. पुढे संशोधनाने तो समज खोटा ठरविला.

ज्यांना दोष दिला गेला, त्या पालकांनीच या बालकांच्या शिक्षणाची वाट मोकळी केली. लंडन येथे पालकांनी १९६२ साली संस्था स्थापून १९६५ साली शाळा काढली. दिल्लीत मेरी बरुआ या मातेने १९९१ साली ‘अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम’ ही संस्था सुरू केली. मुंबईतील ‘फोरम फॉर ऑटिझम’ हीही पालकांचीच संघटना होय. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेखही नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला, आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत स्वमग्नतेस स्थान मिळाले.

नागपूर शहरास दक्षिणेकडून लागून असलेल्या बेसा येथे नव्या वसाहती वाढल्या आहेत. अशा ठिकाणी नव्याने राहावयास आलेल्या कुटुंबास कोणाकडे जावे हे पुष्कळदा ठाऊक नसते. म्हणून तेथील शाळेच्या दारी स्वमग्न बालकास घेऊन आलेली माता कृपा मागत नसून हक्क मागत आहे, हे शिक्षकांनी प्रथम ध्यानी घ्यावे. शिक्षणाचा हक्क कायदा, २००९ सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकास लागू आहे. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळावयाचे आहे एवढ्यावरून प्रवेश अडविता येत नाही. ज्याचे दिव्यांगत्व चाळीस टक्के वा अधिक ठरते, त्यास अठराव्या वर्षापर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत विनामूल्य शिक्षणाचा अधिकार आहे. प्राथमिक स्तरावर अशा दहा विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे केंद्र सरकारने २०२२ साली अधिसूचनेद्वारे ठरविले. “पुढच्या वर्षी पाहू” या एका वाक्याने बालकाचे एक अमोल वर्ष वाया जाते.

तथापि प्रवेश म्हणजे शिक्षण नव्हे. नाव पटावर आणि मूल व्हरांड्यात, अशी स्थिती होऊ नये. यासाठी पालकांनी एका पानावर लिहून द्यावे: मुलास काय समजते, तहान अथवा भीती ते कसे दर्शविते, कोणता आवाज त्यास सोसत नाही, कशाने ते शांत होते. ही माहिती कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळणार नाही. त्यावरून शिक्षकांनी बसण्याची जागा ठरवून द्यावी, दिवसाचा क्रम चित्रांत मांडावा, बदलाची सूचना आधी द्यावी, आणि पोषण आहाराच्या गर्दीतून त्यास थोडे आधी मोकळे करावे. शिक्षा करण्यापूर्वी कारण शोधावे. गट साधन केंद्राचे साहाय्य लेखी मागावे.

शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सभासद पालक असतात, व वंचित घटकांतील पालकांस प्रमाणशीर स्थान द्यावे लागते. २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांग बालके या घटकात आली. तेव्हा अशा मातापित्यांनी समितीत बसावे, मागणी इतिवृत्तात नोंदवावी व शाळा विकास आराखड्यात तिला जागा मिळवावी. तोंडी विनंती विसरली जाते, नोंद राहते.

गटसभेत चर्चेसाठी प्रश्न :

१. आपल्या शाळेच्या परिसरात शाळेबाहेर राहिलेले स्वमग्न बालक आहे काय? त्याच्या घरी कोण व केव्हा जाणार?

२. असे बालक वर्गात असल्यास त्याच्यासाठी या आठवड्यात कोणता एक बदल करता येईल?

३. समितीच्या मागील तीन सभांत अशा पालकांचे म्हणणे नोंदविले गेले काय?